चार आवाज आणि एक चाल : खानदेशातल्या चर्चमधलं समूहगायन

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी विचारलं की, चर्चमधलं गाणं हा आपल्या व्याख्यानाचा विषय कसा काय? आम्ही म्हटलं, गाणं कुठंही होवो, गळे, पट्टी, चाल आणि शब्द यांचे प्रश्न तेच असतात. चर्चमध्ये ते जरा जास्त उघडे पडतात, एवढंच. कारण तिथं गाणारे आणि ऐकणारे वेगळे नसतात. सगळ्यांनीच गायचं असतं.

सुरुवात एका प्रसंगानं करतो. काही वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका चर्चमध्ये संगीत महोत्सव होता. आसपासच्या गावांतून क्वायर आले होते. प्रत्येकानं दोन गीतं म्हणायची, एक नेमून दिलेलं आणि एक आपल्या पसंतीचं. आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. कूलरचा आवाज नको म्हणून कूलर बंद केलेले आणि सगळे हातातल्या पत्रिकेनं वारा घेत होते. एका क्वायरनं जुनं मराठी भजन चार आवाजांत बसवून आणलं होतं. साथीला कीबोर्ड. मेहनत दिसत होती, पोरापोरींचे आवाज स्वच्छ होते. टाळ्याही खूप पडल्या. आमच्या शेजारी एक आजी होत्या. ते भजन सुरू झालं तशी त्यांनी मान हलवायला सुरुवात केली, पहिली ओळ पुटपुटली, आणि दुसऱ्या ओळीला त्या गप्प झाल्या. शेवटी आमच्याकडे वळून म्हणाल्या, "गानं चांगलं व्हयनं, पन आमले म्हनता नही उनं."

गाणं चांगलं झालं, पण आम्हाला म्हणता आलं नाही. पन्नास-साठ वर्षं जे भजन त्या म्हणत आल्या, तेच त्यांना म्हणता आलं नाही, ते का? आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या एका वाक्याचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे.

दोन वाटांनी आलेलं गाणं

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, ते आजचे जळगाव आणि धुळे. पुढे १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व भागात अलायन्स मिशनचं काम सुरू झालं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम भागात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं. कॅथलिक चर्च वेगळं. धुळे, जळगाव, नंदुरबार हे जिल्हे आज नाशिक धर्मप्रांतात येतात, तो धर्मप्रांत १९८७ मध्ये झाला. शिवाय भुसावळ हे रेल्वेचं मोठं जंक्शन. रेल्वेबरोबर अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडची कुटुंबं आली, त्यांच्याबरोबर इंग्रजी गीतं आणि बाजाची पेटी आली. म्हणजे लहानशा टापूत किती तऱ्हेची गाणी एकत्र आली बघा! इंग्रजी हिम्स, लॅटिन मिस्सा, मराठी भजनं, आणि पश्चिमेकडे भिल्ल-मावची वस्त्यांतली आपल्या बोलीतली गाणी.

पण मराठी चर्चच्या गाण्याकडे नीट पाहिलं तर दोनच मुख्य वाटा दिसतात.

पहिली वाट भाषांतराची. मिशनरी आले ते आपली गीतं आणि चाली घेऊन आले. चाल तीच ठेवायची आणि शब्द मराठी करायचे. यात एक अडचण होती. इंग्रजीत शब्दावर आघात असतो. इंग्रजी हिमची ओळ पुष्कळदा हलक्या अक्षरानं सुरू होते आणि दुसऱ्या अक्षरावर जोर येतो. आपल्याकडे हिशेब लघु-गुरूचा किंवा अक्षरसंख्येचा. आपला शब्द बहुधा पहिल्याच अक्षरावर पाय रोवून उभा राहतो, आणि शेवटी 'ला', 'चा', 'ने' असे प्रत्यय येतात. आता मराठी ओळ इंग्रजी चालीवर चढवली की काय होतं? शब्दाचं पहिलं अक्षर हलक्या मात्रेवर घसरतं आणि जोर येतो तो बिचाऱ्या प्रत्ययावर. अर्थ कळतो, पण कानाला ते परकं लागतं.

दुसरी वाट आपल्या छंदांची. आणि ती मिशनऱ्यांच्याही आधीची आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी 'क्रिस्तपुराण' ओवीत रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. ओवी का? कारण लोक ओवी म्हणत होते. पुढे एकोणिसाव्या शतकात अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचा घाट घेतला आणि ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. आणि मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९१९ मध्ये ते गेले. या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी चर्चच्या गाण्याचं रूपच पालटलं. त्यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, भजनं लिहिली. आजही 'उपासना संगीत' उघडलं की त्यात टिळकांचा वाटा मोठा दिसतो.

टिळकांचा आणि खानदेशाचा एक धागा इथं सांगायलाच हवा. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं होतं, टिळक त्यात होते. तिथं धरणगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलानं कविता म्हटली, आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. पुढे बालकवी टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त ते घरच्या मुलासारखे वावरतात. सांगायचा मुद्दा असा, की टिळकांचं गाणं आणि मराठी कविता ही एकाच अंगणातली आहेत.

मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. भजनी ठेका आठ मात्रांचा. हे ज्याच्या अंगात भिनलंय त्याला अभंगाचं पुस्तक लागत नाही. पुढच्यानं ओळ म्हटली की मागचा ती उचलतो. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या मंडळींसाठी ही केवढी सोय होती! आता हे लक्षात ठेवा, कारण आजींच्या तक्रारीकडे आपण इथूनच जाणार आहोत.

पहिलं कारण : पट्टी

आजींना म्हणता आलं नाही याचं पहिलं कारण अगदी साधं आहे. पट्टी.

आपल्याकडे पुरुष साधारण काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात. बायका काळी चार, काळी पाच. काळी एक ते काळी चार म्हणजे बरोबर सा ते पंचम एवढं अंतर. आता दोघांनी एकत्र गायचं. काळी एक घेतली तर पुरुष खुशीत, पण बायकांचा तार सा फार वर जातो आणि गळा ताणला जातो. काळी चार घेतली तर बायका खुशीत आणि पुरुष एक तर ओरडतात किंवा खर्जात जाऊन दिसेनासे होतात. म्हणून बहुतेक चर्चमध्ये पेटीवाला मधली वाट काढतो, काळी दोन ते पांढरी चारच्या आसपास. ती कुणालाच पूर्ण सोयीची नसते, पण चालते.

युरोपातल्या चर्चनं याच अडचणीवर दुसरा तोडगा काढला. सगळ्यांनी एकच स्वर कशाला म्हणायचा? बायकांचे दोन गट करा, उंच आणि खालचा. पुरुषांचे दोन गट करा, उंच आणि खालचा. सोप्रानो, अल्टो, टेनर, बास. प्रत्येकाला आपल्या गळ्याला झेपेल असा दीड सप्तकाचा पट्टा द्या, आणि चौघांचे स्वर एकमेकांत बसतील असे लिहा. चार आवाजांच्या गायनाकडे आपण शोभेची गोष्ट म्हणून बघतो. पण ती गळ्यांची सोयही आहे.

मात्र त्यात एक अट आहे. मूळ चाल बहुधा सोप्रानोकडे, म्हणजे सगळ्यांत उंच आवाजाकडे असते, आणि पट्टी त्या गटाच्या सोयीनं ठरते. त्या महोत्सवात तेच झालं होतं. चाल जिथं होती तिथं सत्तरीतल्या आजींचा गळा पोचत नव्हता. जिथं त्यांचा गळा होता तिथं अल्टोचे स्वर चालले होते, ते त्यांना माहीत नव्हते.

दुसरं कारण : रागाच्या बाहेरचे स्वर

दुसरं कारण जास्त खोल आहे. जरा सावकाश पाहू.

कीबोर्ड वाजवणारा मुलगा तीन कॉर्ड पहिल्यांदा शिकतो. सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे. या तिघांवर जगातली हजारो गाणी उभी आहेत. प-नी-रे वाजलं की कानाला वाटतं आता घरी जायचंय, आणि सा-ग-प वाजलं की घर आलं. पाश्चात्त्य हिमच्या पुष्कळ ओळी याच ओढीवर संपतात.

आता समजा, भजनाची चाल भूपात आहे. भूपाचे स्वर कोणते? सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. पण म-ध-सा मध्ये मध्यम आहे! प-नी-रे मध्ये निषाद आहे! म्हणजे तीनपैकी दोन कॉर्ड वाजवल्या की भूपात जे स्वर नसायला हवेत तेच येऊन बसतात. चाल भूपाची, पण खालून दुसरंच काहीतरी चाललंय. भूपाच्या स्वरांतून फक्त दोन त्रिकुटं निघतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. दोन्हीत सा आणि ग तेच, बदलतो एकच स्वर. मग घरी जायची ती ओढ निर्माणच होत नाही, कारण भूपाला तिची गरजच नाही.

भैरवीत आणखी गंमत होते. तिथं पंचमावर त्रिकूट उभं केलं तर प, कोमल नी, कोमल रे असे स्वर मिळतात. ते अवघडलेलं, मधेच लटकलेलं वाटतं. मग वाजवणारा काय करतो? शुद्ध नी आणि शुद्ध रे घेऊन मोकळा होतो. गाणारे कोमल रे म्हणताहेत आणि कीबोर्ड शुद्ध रे वाजवतोय. मग हळूहळू गाणारेच कीबोर्डकडे सरकतात. पेटीचा आवाज मोठा असतो, माणूस त्याच्यामागं जातो. दहा वर्षांत चालीतला कोमल रे नाहीसा होतो, आणि तो गेला हे कुणाला कळतही नाही.

आजींनी दुसऱ्या ओळीला थांबायचं कारण हे होतं. त्यांना राग ठाऊक नव्हता, कॉर्ड ठाऊक नव्हती. पण पायाखालची जमीन हलली हे त्यांच्या कानाला कळलं.

आपण एक प्रयोग करू. तुम्ही सगळ्यांनी सा धरा. (सभागृहात सगळे सा धरतात.) छान. आता या बाजूचे पंचम धरा. असंच चालू द्या. आम्ही यावर भूपाची एक ओळ आकारात म्हणतो. (ओळ म्हणून दाखवतात.) काही खटकलं? नाही. तुम्ही आत्ता तंबोरा झालात. हेही समूहगायनच झालं, आणि यात रागाला धक्का लागला नाही.

पेटीविषयी थोडंसं

इथं कुणी म्हणेल, मग कीबोर्ड बंद करा आणि आपली पेटी आणा. पण पेटी तरी आपली कुठं? हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें यांनी १८४२ मध्ये घेतलं. पायानं भाता हलवायची ती पेटी चर्चच्या वाटेनंही इकडं आली. जमिनीवर मांडी घालून वाजवायची, हातभात्याची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी लोकप्रिय केली. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून १९४० ते १९७१ आकाशवाणीवर तिला बंदी होती. आणि तरीही आज वारकऱ्यांचं भजन तिच्याशिवाय उभं राहत नाही. अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेत जा, ती आहे. चर्चमध्ये जा, ती आहे. तेव्हा वाद्य परकं की आपलं हा प्रश्न फार महत्त्वाचा नाही. ते कसं वाजवलं जातं, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

चार आवाजांचंही तसंच. आम्ही त्याच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट सांगतो. मिझोराम, नागालँडात आज जे सुरेख समूहगायन ऐकू येतं, ते टॉनिक सोल्फा या लिपीच्या आधारावर घडलं. इंग्लंडमध्ये जॉन कर्वेननं ती एकोणिसाव्या शतकात रुळवली. तिच्यातला 'दो' सरकता असतो. म्हणजे कुठल्याही पट्टीत पहिला स्वर 'दो'. हे तर आपल्या सा सारखंच झालं! आपल्या गायकाला ती पद्धत दोन दिवसांत कळते.

आणि राग न मोडता अनेक आवाज कसे वापरायचे हे आपल्याच लोकांनी दाखवलंय. गोव्याच्या चर्चशाळांत शिकलेले वादक मुंबईला गेले आणि हिंदी चित्रपटसंगीतात संयोजक झाले. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावं. चाल रागातली असली तर खाली कॉर्ड कोंबायची गरज नाही, व्हायोलिनवर त्याच स्वरांची दुसरी ओळ समांतर चालवता येते, हे त्यांच्या कामात ऐकायला मिळतं. ही युक्ती क्वायरलाही वापरता येते.

तिसरं कारण : लय आणि इमारत

तिसरं कारण थोडक्यात. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. चर्च १७ मीटर लांब असेल तर पुढच्या क्वायरचा आवाज मागच्या भिंतीपाशी सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरा पोचतो. मागचे लोक ते ऐकून गातात, त्यांचा आवाज तेवढाच उशीर करून पुढं येतो. झाला दहावा भाग. भजनी ठेका जलद चालला असेल, मात्रा अर्ध्या सेकंदाची असेल, तर हा उशीर मात्रेचा पाचवा हिस्सा होतो. म्हणून मंडळी नेहमी मागं ओढते असं क्वायरवाले म्हणतात. मंडळी ओढत नाही, हवा ओढते. यावर उपाय म्हणजे ऐकून गाऊ नका, हाताकडे पाहून गा. किंवा टाळ मंडळीत मधोमध बसवा. दिंडीत टाळकरी सगळीकडं विखुरलेले असतात, ते उगाच नाही.

उंच दगडी चर्चमध्ये आवाज घुमतो, तिथं संथ गाणं शोभतं आणि तबल्याची तिहाई एकमेकांत मिसळून जाते. आपल्याकडे पुष्कळ चर्च बैठी, पत्र्याची. तिथं घुमारा नाही. तिथं ढोलकी, टाळ स्वच्छ वाजतात आणि लांबवलेला स्वर कोरडा पडतो. ज्या क्वायरनं इमारत न बघता गाणं निवडलं, त्याचं निम्मं श्रेय तिथंच जातं.

मग करायचं काय?

यात खरं काय पणाला लागलंय ते सांगतो. मराठी उपासनेची पुस्तकं बहुतेक शब्दांची पुस्तकं आहेत. वर चालीचं किंवा रागाचं नाव असतं, बस. चाल राहते ती माणसांच्या गळ्यात. कॅथलिक चर्चमध्ये तर १९६३ च्या डिसेंबरमध्ये व्हॅटिकन परिषदेनं लोकभाषेला वाट करून दिली, त्यानंतर मराठी गीतांचं पीक आलं. त्या पिढीतले चाली बांधणारे आता थकलेत. खानदेशात एकेका भजनाच्या दोन-दोन, तीन-तीन चाली आहेत. गाव बदललं की वळण बदलतं. त्या महोत्सवातल्या आजी ज्या चालीवर म्हणत होत्या, ती चाल त्यांच्या गावाबाहेर कुणाला येत असेल?

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. माणसांनी पायपीट करून बाडं गोळा केली म्हणून ती वाचली. चालींची बाडं नसतात. म्हणून क्वायरच्या मुलांना आमचं सांगणं आहे, की महोत्सवाच्या आधी चार गोष्टी करा.

एक, गीत बसवण्याआधी मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या माणसाकडून ते ऐका आणि फोनवर ध्वनिमुद्रित करा. गाव, तारीख, आणि चाल कुणाकडून शिकली ते त्यांच्याच तोंडून बोलून घ्या.

दोन, चाल भातखंडे स्वरलिपीत लिहा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, तार सप्तकाला वर टिंब, मंद्राला खाली टिंब. पेटी शिकणारी कुठलीही मुलगी ते तासाभरात लिहील.

तीन, चालीत कुठले स्वर नाहीत ते आधी काढा, आणि ते स्वर साथीत येऊ देऊ नका. भूप असेल तर सा-पची आस द्या, खालच्या आवाजांना त्याच पाच स्वरांतली दुसरी ओळ द्या. इंग्रजी चालीचं गीत असेल तर मात्र खुशाल चारही आवाज लावा, ते त्यासाठीच जन्मलंय.

चार, पहिलं आणि शेवटचं कडवं मंडळीसाठी ठेवा. मधल्या पट्टीत, एकाच चालीत, सगळ्यांनी मिळून. मधली कडवी क्वायरची. तिथं काय कौशल्य दाखवायचं ते दाखवा.

श्रोत्यांचा एक प्रश्न

प्रश्न असा आला आहे, की अशानं तरुण मुलं क्वायर सोडून जातील, त्यांना गिटार आणि ड्रम हवेत.

तसं होईल असं आम्हाला वाटत नाही. गिटारवर सा-पची आस उत्तम देता येते. मधली तार जरा बदलली की झालं. मुलांना कंटाळा येतो तो जुन्या चालीचा नाही, नीट न बसवलेल्या गाण्याचा येतो. आणि दुसरी गोष्ट. त्या दिवशी महोत्सव संपल्यावर जेवणाच्या पंगतीत आम्ही त्या क्वायरमधल्या दोन मुलींना आजींजवळ नेऊन बसवलं. आजींनी ते भजन आपल्या चालीत म्हणून दाखवलं, हातानं ताटावर ठेका धरून. मुलींनी पहिल्यांदा एकमेकींकडे पाहिलं. मग एकीनं विचारलं, "आजी, ती दुसरी ओळ परत म्हणता का?" आजींनी ती चारदा म्हटली. चौथ्या वेळेला मुली बरोबर म्हणत होत्या, आणि त्यांच्यातल्या एकीनं फोन काढला होता.

इथं थांबतो.